आपल्या महानगरपालिकेवर नेमकं कर्ज किती? घरबसल्या शोधायचं कसं

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्ये एकानं टाकलं की आपली महापालिका कर्जात बुडालीय, लगेच खाली दुसऱ्यानं टाकलं की छे, एका रुपयाचं कर्ज नाही, आणि मग दोन दिवस नुसती हमरीतुमरी. आकडा मात्र कुणाकडंच नव्हता. मी गेली काही वर्षं आमच्या महापालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी वाचतो, सुरुवातीला कुठून काय बघायचं तेच कळायचं नाही, म्हणून आता जे हाताला लागलंय ते सगळं क्रमानं लिहून ठेवतोय. कर्ज पालिका काढते पण फेडतो आपण, मालमत्ता करातून आणि पाणीपट्टीतून, त्यामुळं हा आकडा आपल्याला माहीत असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हा आकडा एका जागी तयार मिळत नाही. चार-पाच ठिकाणचे कागद काढून शेजारी शेजारी ठेवायचे, मग तो जुळतो. दुसरं म्हणजे कर्ज हे फक्त ‘कर्ज’ या शब्दाखाली लिहिलेलं नसतं, त्याबद्दल खाली सविस्तर येतंच.

कागद सापडायला सोपं जावं म्हणून कर्ज निघतं कसं ते थोडक्यात सांगतो. महापालिकेला किंवा नगरपालिकेला मनात आलं म्हणून कर्ज काढता येत नाही, त्यासाठी राज्य सरकारची मंजुरी लागते, आणि यामागं १९१४ सालचा स्थानिक प्राधिकरण कर्ज कायदा अजून आहे. आयुक्तांचा प्रस्ताव स्थायी समितीकडं जातो, तिथून मुख्य सभेत, तिथून मंत्रालयात नगर विकास विभागाकडं, आणि मग बँक, हुडको (केंद्र सरकारची घरं आणि शहरी कामांना कर्ज देणारी कंपनी) किंवा कर्जरोखे, म्हणजे गुंतवणूकदारांकडून व्याजानं पैसे घेण्याचे बाँड. प्रत्येक टप्प्यावर एक कागद तयार होतो. प्रस्ताव, ठराव, शासन निर्णय, करार, नोंदवही. एका ठिकाणी कागद दडला तर दुसऱ्या ठिकाणी सापडतो, आपण शोधायचं ते याच जोरावर.

पहिलं काम, अंदाजपत्रक. महापालिकेच्या साइटवर लेखा व वित्त विभाग किंवा मुख्य लेखापाल असं पान असतं, तिथं अंदाजपत्रकाच्या पीडीएफ असतात. फक्त यंदाची घेऊ नका, सलग तीन वर्षांच्या उतरवून घ्या. कारण प्रत्येक पुस्तकात एकाच बाबीपुढं तीन-चार रकाने असतात, मागच्या वर्षाचं प्रत्यक्ष, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. पेपरात येतो तो शेवटचा रकाना, म्हणजे निव्वळ अंदाज. आपल्याला हवा ‘प्रत्यक्ष’ रकाना, आणि २०२३-२४ मध्ये खरंच काय झालं हे कळायला २०२५-२६ चं पुस्तक उघडावं लागतं.

आता त्यात बघायचं काय. कर्ज जमा बाजूला दिसतं हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. पालिका कर्ज काढते तेव्हा पैसे आत येतात, म्हणून ते जमेत धरतात, त्यामुळं ‘यंदाचं बजेट इतक्या हजार कोटींचं’ अशी बातमी आली की पहिल्यांदा जमा बाजू उघडून बघा त्यात कर्ज किंवा कर्जरोखे किती रुपयांचे धरलेत. ते वजा केल्यावर उरतं ते खरं उत्पन्न, आणि त्यातूनही शासनाची अनुदानं आणि जीएसटीची भरपाई बाजूला काढली की पालिका स्वतःच्या पायावर किती कमावते ते दिसतं. खर्च बाजूला तीन शब्द शोधायचे, व्याज, मुद्दल परतफेड आणि सिंकिंग फंड. काही पालिका सिंकिंग फंडाला कर्ज निवारण निधी म्हणतात, म्हणजे रोख्यांची मुदत संपेल तेव्हा एकदम मोठी रक्कम लागणार म्हणून दरवर्षी थोडे थोडे बाजूला टाकलेले पैसे. कर्ज आहे आणि हा निधी मात्र कुठंच नाही असं दिसलं तर तिथं खूण करून ठेवा.

इथं एक अडचण हमखास येते. पीडीएफमध्ये ‘कर्ज’ टाइप करून सर्च मारला की शून्य निकाल. याचा अर्थ कर्ज नाही असा नाही, ते पुस्तक जुन्या फाँटमध्ये केलेलं असतं, श्रीलिपी किंवा कृतिदेव, नाहीतर सरळ कागद स्कॅन करून टाकलेले असतात. मी एकदा एका पालिकेचं तीनशेच्या वर पानांचं पुस्तक उतरवलं, त्यात निम्मी पानं आडवी स्कॅन झालेली आणि नेमकं कर्जाच्या पानावर स्टेपलची सावली पडलेली. यावर उपाय म्हणजे ती फाइल गुगल ड्राइव्हवर चढवायची आणि गुगल डॉक्सनं उघडायची, ते चित्रातली देवनागरी अक्षरं बऱ्यापैकी ओळखतं. मोठी फाइल असेल तर आधी हवी ती वीस-तीस पानं वेगळी काढा, सबंध पुस्तक एकदम चढवलं तर चालत नाही. आकडे मात्र मूळ पानावर डोळ्यांनी तपासा, ३ चा ८ होतो, दशांश चिन्ह गळतं. आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं ‘रुपये लाखात’ की ‘रुपये हजारात’ हे प्रत्येक तक्त्याला नव्यानं बघा, एकाच पुस्तकात दोन्ही सापडलेत मला. जुन्या वर्षाची लिंक मेलेली असेल तर तो पत्ता वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर टाकून बघा, कधीकधी फाइल तिथं जपलेली असते.

दुसरं काम ताळेबंद, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. अंदाजपत्रकात त्या वर्षात किती आलं किती गेलं ते कळतं, पण डोक्यावर एकूण किती आहे ते ताळेबंदातच. तो पालिकेच्या साइटवर नसला तरी घाबरायचं कारण नाही. केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी कार्य मंत्रालयानं सिटीफायनान्स डॉट इन नावाचं पोर्टल केलंय, तिथं राज्य निवडायचं, शहर निवडायचं, वर्ष निवडायचं, की ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक मिळतं. पंधराव्या वित्त आयोगानं अटच घातली होती की मागच्या वर्षाचे तात्पुरते हिशेब आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे ऑडिट झालेले हिशेब लोकांना ऑनलाइन दिसले पाहिजेत, तरच अनुदान. त्यामुळं लहान लहान नगरपालिका, नगरपंचायतींचेसुद्धा कागद तिथं आलेत, ज्यांची स्वतःची साइट धड उघडत नाही अशांचेही. फक्त फाइलवर ‘ऑडिटेड’ आहे की ‘अनऑडिटेड’ ते बघून घ्या, दोन्हींमध्ये फरक पडू शकतो.

ताळेबंद उघडला की गोंधळून जाऊ नका, देशभरातल्या पालिकांसाठी २००४ साली राष्ट्रीय म्युनिसिपल लेखा पुस्तिका आली, तिच्यामुळं साचा बराचसा सारखाच असतो. परिशिष्टांना बी-१, बी-२ असे नंबर असतात. आपल्या कामाचे चार. बी-५ म्हणजे तारण देऊन घेतलेली कर्जं, बी-६ म्हणजे विनातारण कर्जं, बी-७ म्हणजे लोकांच्या आणि ठेकेदारांच्या पालिकेकडं असलेल्या अनामती, आणि बी-९ म्हणजे इतर देणी. लेखा संकेतांक दिले असतील तर कर्जाचे ३३० आणि ३३१, आणि व्याजाचा खर्च २४० खाली. बी-५ आणि बी-६ ची बेरीज केली की रूढ अर्थानं ‘कर्ज’ आलं. त्यात केंद्राचं, राज्याचं, बँकांचं, वित्तीय संस्थांचं, रोख्यांचं असं वेगळं वेगळं दिलेलं असतं, ते तसंच उतरवून घ्या, नुसती बेरीज नको.

पण खरी मेख बी-९ मध्ये. ठेकेदारांची बिलं, पुरवठादारांची बिलं, सरकारला भरायचे उपकर, कर्मचाऱ्यांची थकबाकी, हे सगळं तिथं. समजा रस्ता झाला, बिल मंजूर झालं, पण तिजोरीत पैसे नाहीत म्हणून बिल दोन वर्षं पडून राहिलं, तर ते कर्ज नाही का? ठेकेदार त्याचा हिशेब पुढच्या टेंडरच्या दरात धरतोच, व्याज म्हणून कुठं दिसत नाही इतकंच. ज्या पालिकेच्या बी-५, बी-६ मध्ये शून्य आहे तिच्या बी-९ कडं मी जरा जास्तच लक्ष देऊन बघतो. अशा थकलेल्या देण्यांनाच कार्यालयात ‘दायित्व’ म्हणतात. त्यातही आणखी एक पायरी आहे, हातात घेतलेल्या पण अजून पुऱ्या न झालेल्या कामांचं दायित्व, ते ताळेबंदात येतच नाही, ते आयुक्तांच्या अंदाजपत्रकाच्या भाषणात किंवा निवेदनात सापडतं. मुंबईचंच बघा. बँकेत ठेवी ऐंशी हजार कोटींच्या घरात होत्या, त्यामुळं लोक म्हणायचे देशातली सगळ्यात श्रीमंत पालिका, आणि ते खरंही आहे, पण किनारी रस्ता, मलजल केंद्रं, काँक्रीटचे रस्ते अशा हाती घेतलेल्या कामांचा बोजा त्या ठेवींच्या कितीतरी वर गेलेला. म्हणून कर्ज विचारताना दायित्वही विचारायचं, दोन्ही आकडे शेजारी हवेत.

व्याजावरून पडताळणी करायची एक सोपी युक्ती सांगतो. शिल्लक कर्जाला व्याजदरानं गुणा आणि आलेला आकडा उत्पन्न-खर्चाच्या पत्रकातल्या व्याजाशी लावून बघा. पुणे महापालिकेनं जून २०१७ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले होते, समान पाणीपुरवठा योजनेसाठी, दहा वर्षं मुदत, ७.५९ टक्के व्याज. म्हणजे पूर्ण २०० कोटी शिल्लक असताना वर्षाचं व्याज १५ कोटी १८ लाख. पिंपरी-चिंचवडनं २०२३ मध्ये २०० कोटींचेच काढले ८.१५ टक्क्यांनी, तिथं वर्षाचं व्याज १६ कोटी ३० लाख. आता एखाद्या पालिकेच्या पत्रकात व्याज असं गुणून आलेल्या आकड्यापेक्षा खूपच कमी दिसत असेल तर एक तर व्याज भरलं नाही, किंवा ते प्रकल्पाच्या खर्चात मिळवून टाकलंय, किंवा कर्ज वर्षाच्या शेवटी शेवटी उचललं. फार जास्त दिसत असेल तर कुठलं तरी कर्ज तुमच्या यादीत यायचं राहिलंय. यातूनच मला दोनदा राहिलेलं कर्ज सापडलंय.

तिसरं, रोखे काढलेल्या पालिकांचं काम सगळ्यात सोपं. शेअर बाजारात नोंद असल्यामुळं त्यांना माहिती द्यावीच लागते, २०१५ साली सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, यासाठी वेगळी नियमावलीच आणली. सेबीच्या साइटवर स्टॅटिस्टिक्समध्ये म्युनिसिपल बाँड्सचं स्वतंत्र पान आहे, कुठल्या शहरानं कधी किती रकमेचे काढले त्याची यादी. अहमदाबाद, इंदूर, वडोदरा, लखनौ, हैदराबाद, आपलं पुणे, पिंपरी, सगळे तिथं. तिथून नाव घेऊन बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर जायचं आणि रोखे काढताना दिलेला माहितीपत्रकाचा दस्त उतरवायचा, त्याला प्लेसमेंट मेमोरँडम किंवा इन्फर्मेशन मेमोरँडम म्हणतात. हा दस्त इंग्रजीत असतो आणि जाडजूड असतो पण मी म्हणेन एकदा रात्र जागून वाचा. गुंतवणूकदाराला सांगावं लागतं म्हणून पालिका त्यात ते सगळं सांगते जे नागरिकाला सहसा सांगत नाही. मागच्या काही वर्षांचे हिशेब, आधीची कर्जं, चालू असलेले कोर्टातले दावे, कुठला कर किती वसूल होतो. एस्क्रो खात्याचं कलम तर आवर्जून वाचा, त्यात लिहिलेलं असतं की अमुक कराचे पैसे आधी या खात्यात जातील, त्यातून रोख्यांचा हप्ता बाजूला निघेल आणि मग उरलेले पालिकेला वापरता येतील. म्हणजे तुमच्या कराच्या पावतीवर पहिला हक्क कुणाचा, ते तिथं कळतं.

त्याच्या जोडीला पतमानांकन, म्हणजे पालिका कर्ज फेडू शकेल का याला खासगी संस्थांनी दिलेली श्रेणी. केअर, क्रिसिल, इंडिया रेटिंग्ज, इक्रा यांच्या साइटवर पालिकेचं नाव इंग्रजीत टाका, दोन-चार पानांचं टिपण फुकट मिळतं, वसुली कशी आहे, बिलं थकलीत का, पुढं किती कर्ज काढायचा विचार आहे, सगळं थोडक्यात. ज्यांनी रोखे काढले नाहीत त्यांचंही कधीकधी मिळतं.

एक फसवी जागा सांगून ठेवतो, परदेशी कर्ज. पुण्यात मुळा-मुठा नदी सुधारणेसाठी जायकाचं (जपान सरकारची मदत संस्था) कर्ज असं वर्षानुवर्षं छापून येतंय, त्यामुळं लोक ते पालिकेच्या डोक्यावर धरतात. प्रत्यक्षात २०१६ सालचं ते कर्ज केंद्र सरकारनं घेतलं आणि साधारण ९९० कोटींच्या मूळ प्रकल्पात ८५ टक्के रक्कम पालिकेला अनुदान म्हणून द्यायचं ठरलं. म्हणजे ते फेडणार केंद्र, पालिकेच्या ताळेबंदात ते कर्जात नाही तर अनुदानात दिसणार. असंच आणखी एक, रोखे काढले म्हणून केंद्राकडून बक्षीस मिळतं, पुण्याला २०० कोटींवर २६ कोटी मिळाले, ते परत करायचे नसतात, ते कर्जात मिळवू नका. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा, करारावर सही कुणाची आणि हप्ता कुणाच्या खात्यातून जाणार.

शासन निर्णयांची साइट बघायला विसरू नका. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या पानावर नगर विकास विभाग निवडा, तारखांची मर्यादा टाका, आणि शीर्षकात ‘कर्ज’, ‘कर्ज उभारणी’, ‘शासन हमी’ असे शब्द टाकून बघा. शहराचं नाव टाकताना दोन-तीन प्रकारे टाका, पिंपरी-चिंचवड, पिंपरी चिंचवड, तिथला सर्च जोडरेघेनंसुद्धा अडतो. पालिकेचे ठराव मात्र सापडणं अवघड, त्यातून निवडणुका रखडल्यामुळं २०२२ पासून बऱ्याच महापालिकांत काही वर्षं प्रशासकच होते, त्या काळातले निर्णय प्रशासकीय ठराव म्हणून शोधावे लागतात. तुलना करायची असेल तर रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२२ आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये महापालिकांच्या अर्थकारणावर अहवाल काढलेत, ते बघा, राज्यवार तक्ते चांगले आहेत. कॅगच्या साइटवर स्थानिक संस्थांवरचे अहवाल असतात, ते उशिरा येतात, पण हिशेबात कुठं खोट आहे ते स्पष्ट लिहितात.

एवढं करूनही भोक राहिलं तर आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. राज्याचं आरटीआय ऑनलाइन पोर्टल आहे, त्यात तुमची पालिका यादीत असेल तर तिथूनच, नसेल तर कागदावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याला. महाराष्ट्रात २०१२ च्या नियमानं अर्ज साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो, म्हणून कर्जाचा एक अर्ज आणि दायित्वाचा वेगळा अर्ज करा, एकत्र केलात तर अधिकारी फक्त पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतो. ‘कर्ज का काढलं’ असं विचारू नका, कागद मागा. मी साधारण असं लिहितो:

‘दिनांक ३१ मार्च २०२५ अखेर महानगरपालिकेवर शिल्लक असलेल्या सर्व कर्जांबाबत कर्ज नोंदवहीतील संबंधित पानांच्या प्रती मिळाव्यात. त्यात कर्ज देणारी संस्था, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष उचललेली रक्कम, व्याजदर, मुदत, फेडलेले मुद्दल, शिल्लक मुद्दल व पुढील हप्त्याची तारीख यांच्या नोंदी असाव्यात. तसेच सदर नोंदवही कार्यालयात प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मिळावी.’

तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याची तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा. आणि शेवटचं वाक्य, नोंदवही पाहण्याचं, ते कधीच गाळू नका. मी एकदा असा गेलो होतो, लिपिकानं लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही समोर ठेवली, म्हणाला, “बसा काका, घाई नाही, फक्त पान दुमडू नका.” त्यात एका पाणी योजनेच्या कर्जापुढं उचलीच्या तीनच नोंदी होत्या, मंजूर रकमेच्या निम्मीसुद्धा उचल झालेली नव्हती, आणि अंदाजपत्रकाच्या भाषणात मात्र पूर्ण मंजूर रक्कम सांगितलेली, पेपरातही तीच. म्हणजे गावभर ज्या कर्जाची चर्चा होती त्यातलं निम्म्याहून जास्त अजून घेतलेलंच नव्हतं. मंजूर आणि उचल हे दोन रकाने वेगळे ठेवायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

गावाकडच्यांसाठी थोडं. ग्रामपंचायतीचे हिशेब ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतात, जिल्हा, तालुका, गाव निवडून जमा-खर्च बघता येतो. ग्रामपंचायती बाहेरून फारसं कर्ज काढत नाहीत, त्यांचं कर्ज असलं तर बहुधा जिल्हा परिषदेकडच्या जिल्हा ग्राम विकास निधीतून, म्हणजे सगळ्या ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातला वाटा टाकून उभा केलेला निधी. त्याची थकबाकी ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (आधीचा ग्रामसेवक) दप्तरात आणि जिल्हा परिषदेच्या पंचायत विभागात, दोन्हीकडं विचारा, आकडा जुळतो का बघा, आणि ग्रामसभेत वार्षिक हिशेब वाचला जातो तेव्हा तो इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.

सगळं गोळा झालं की एक साधी एक्सेल करा. प्रत्येक कर्जाला एक ओळ, आणि पुढं कुणाकडून, कशासाठी, मंजूर, उचल, दर, शिल्लक, कधी संपणार, आणि शेवटच्या रकान्यात हा आकडा कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावरून घेतला ते. हा शेवटचा रकाना असला की कुणी तुम्हाला खोटं पाडू शकत नाही. खाली बेरीज, त्याखाली वेगळ्या ओळीत बी-९ ची देणी, आणि त्याखाली वर्षभराचं व्याज अधिक मुद्दल भागिले पालिकेचं स्वतःचं उत्पन्न, अनुदान सोडून. माणशी कर्ज काढायचा मोह होतो पण जनगणना २०११ ची आहे, शहरं तेव्हापासून कुठल्या कुठं गेलीत, त्यापेक्षा कर आकारणी झालेल्या मिळकतींच्या संख्येनं भागा, ती संख्या अंदाजपत्रकात किंवा कर विभागाच्या पानावर मिळते. आमच्या ग्रुपवर मी हीच एक्सेल टाकली, तेव्हापासून तिथं ‘किती आहे’ यावर भांडण होत नाही, ‘कशासाठी घेतलं आणि काम कुठवर आलं’ यावर होतं.